तेरा तारखेनंतरच्या खुणा

तिने ओल्या स्पंजवर बोट टेकवलं, रजिस्टरचं पान उलटलं आणि मान वर न करता टेबलापलीकडच्या शेठला म्हणाली,

"नोंदणी झाली, विमा झाला, फिटनेस झालं. आता ब्रेकची रजिस्टरं."

"बघा ना ताई, निवांत बघा." शेठने पायाशी ठेवलेल्या पोत्यावर थाप मारली. "सगळी मूळ रजिस्टरं आणलीत. पण नऊ वर्षांचं रेकॉर्ड मागणारी कंपनी मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

बाटल्यांचा कारखाना होता. रोज तीस-पस्तीस ट्रक माल भरून बाहेर पडायचे आणि कुठल्या वाहतूकदाराला काम द्यायचं, ते या खोलीतल्या तपासणीवर ठरायचं. ड्रायव्हर लोक तिला मागे 'चाळणी' म्हणायचे. हे तिला ठाऊक होतं आणि आवडायचंही. सहा वर्षांपूर्वी ती इथे रुजू झाली तेव्हा तीन वर्षांचं रेकॉर्ड पुरत असे. तिने दर वर्षी काही ना काही निमित्त काढून ते एकेका वर्षाने वाढवलं. "पुढच्या वर्षी त्यांच्या आजोबांच्या बैलगाडीचे कागद मागा," असं साहेब चिडवायचे. तीही हसायची. एक विशिष्ट वर्ष नियमाच्या बाहेर निसटू नये म्हणून ही सगळी खटपट चाललीय, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. या भागात ट्रक चालवणारा प्रत्येक माणूस एक ना एक दिवस या टेबलाशी येणार, आणि शेठही येणार, एवढ्यावर तिने सहा वर्षं काढली होती.

"एक अपघात दाखवलाय," ती म्हणाली. "आठ वर्षांपूर्वीचा. कारण, चालकाचा निष्काळजीपणा."

"पेंगला होता गडी. भर दुपारी, उतारावर. एक सायकलवाला गेला बिचारा, गाडीही गेली. आम्ही त्याला त्याच दिवशी काढून टाकला. असली माणसं आम्ही ठेवत नाही."

तिने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. शेठच्या तोंडावर शाईची अख्खी दौत ओतावी, असं तिला वाटलं. तो गडी तिचा सख्खा थोरला भाऊ होता. शेठला हे कळायला मार्ग नव्हता. तिचं आडनाव लग्नानंतर बदललं होतं आणि दवाखान्यात तर तो एकदाही फिरकला नव्हता.

दादाने शुद्धीवर आल्याबरोबर सांगितलं होतं, ब्रेक लागलाच नाही. चौकशीत शेठच्या कंपनीने ब्रेकच्या रजिस्टरातल्या त्या महिन्याच्या पानाची झेरॉक्स पुढे ठेवली. तेरा तारखेपर्यंत रोज बरोबरची खूण, ब्रेक तपासले, ठीक. खालचं अर्धं पान झेरॉक्समध्ये आलंच नव्हतं. चौकशीच्या पहिल्या तारखेला दादा ओरडून सांगत होता. तिसऱ्या तारखेला म्हणाला, "लागलाही असेल डोळा. काय सांगावं." त्याचं लायसन्स गेलं, याचा तिला इतका राग नव्हता. त्यांनी त्याला स्वतःवरच संशय घ्यायला लावला, हे मात्र ती कधी पचवू शकली नाही. आता तो घरी बसून लोकांच्या इस्त्र्या दुरुस्त करायचा. गल्लीतून एखादी जड गाडी गेली की त्याचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा.

तिने तो महिना उघडला. दादाच्या गाडीचा रकाना. तेरा तारीख, खूण. चौदा तारीख, खूण. पंधरा, सोळा, थेट तीसपर्यंत, एकाच शाईने, एकाच तिरकेपणाने मारलेल्या खुणा.

तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं,

"शेठ, ही गाडी तेराला उलटली ना?"

"हो."

"मग चौदाला तिचे ब्रेक कुणी तपासले?"

शेठने चष्मा वर सरकवून पान पाहिलं आणि तो खो खो हसला.

"आमचा मुनीम! एक तारखेला बसायचा आणि महिनाभराच्या खुणा एका दमात मारून मोकळा व्हायचा. सगळीकडे असंच चालतं, ताई. तुम्हाला काय वेगळं सांगायचं?"

"म्हणजे त्या महिन्यात ब्रेक तपासले नव्हते."

"मिस्त्री गावाला गेला होता. कोण तपासणार? जुनी गोष्ट आहे हो."

"जुनी असली तरी रेकॉर्डमध्ये विसंगती राहते. लेखी खुलासा लागेल, नाहीतर फाईल पुढे सरकत नाही."

"काय लिहू?"

"झालं ते."

एक शब्दही तिने सुचवला नाही. शेठने झरझर लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. तिने उठून कोपऱ्यातल्या मशीनवर दोन झेरॉक्स काढल्या, मूळ कागद खणात टाकला, किल्ली फिरवली. मग फाईलवर आपला शिक्का मारला.

शेठने मान वाकडी करून वाचलं. नामंजूर.

"अहो, पण मी तर खरं लिहून दिलं!"

"हो. लिहिताना चुकलं एवढंच म्हणाला असतात, तर मला तुमची फाईल अडवता आली नसती. यातली एक प्रत परिवहन कार्यालयात जाईल."

"माझ्याशी काय वैर आहे तुमचं?"

"तो पेंगला नव्हता, शेठ," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

शेठचा हात खणाकडे गेला आणि मधेच थांबला. मग तो खाली वाकून रजिस्टरं पोत्यात भरू लागला. एक रजिस्टर तिने आपल्या हाताखाली धरून ठेवलं.

काम सुटल्यावर ती तडक दादाकडे गेली. रस्ताभर तिला हसू फुटत होतं. शेठचा पडलेला चेहरा दादाला कसा करून दाखवायचा, हेही तिने ठरवलं होतं. दादा दारात बसून इस्त्रीची वायर सोलत होता. तिने दुसरी झेरॉक्स त्याच्यापुढे धरली.

त्याने ती बोट फिरवत वाचली. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. आत वहिनीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"म्हणजे मी दाबला होता," तो म्हणाला.

"दाबला होतास, दादा. तू पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतास. त्याचं तोंड बघायला हवं होतंस तू! असा पांढराफटक पडला की..."

दादा ऐकत नव्हता. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, इस्त्रीखाली ठेवली.

"चिमे, किती झेरॉक्स काढल्यास?"

"दोन. एक सरकारी, एक तुझी."

"अजून एक काढ."

"कुणाला?"

"त्या सायकलवाल्याच्या बायकोला," तो म्हणाला. "तिला अजून वाटतं, मी झोपलो होतो."