परतीपुरतं डिझेल

“दर कमी करनार, हे तिघंबी बोलले. पन कधीपासून, ते कोन बोललं?” मागच्या रांगेतून बकुळानं विचारलं.

दत्तू माईकपाशी उभा होता. शिवडी कोळीवाड्यातल्या मच्छीमार संस्थेनं तो रविवार विधानसभेच्या तीन उमेदवारांना वाटून दिला होता. प्रत्येकाला अर्धा तास आणि विषय एकच, बोटींचं डिझेल. तिघंही बोलून गेले होते. कोण काय म्हणालं ते लिहून घ्यायचं आणि शेवटी सगळ्यांना वाचून दाखवायचं, हे काम संस्थेचे अध्यक्ष रघुवीर यांनी दत्तूवर सोपवलं होतं. साठीला टेकलेला, स्वतःची बोट चालवणारा हा नाखवा आयुष्यात कुठल्याच पक्षाच्या मिरवणुकीत चालला नव्हता. ऐकलेलं फिरवून सांगायची त्याला सवय नाही, असं सगळा कोळीवाडा मानायचा.

“पहिल्यांनी तारीख नाय दिली,” तो म्हणाला. “ते बोलले, तेलाचा भाव बाहेरच्या देशात ठरतो, आपल्या हातात नाय. पन कराचा परतावा वर्ष-वर्ष लटकतो, तो महिन्याभरात खात्यात टाकू. दुसऱ्या बाई बोलल्या, परतावाच नको, पंपावरच कर कापून डिझेल देऊ. मी विचारलं, राज्याचा कर का केंद्राचा? राज्याचा, बोलल्या. केंद्राचं त्यांच्या हातात नाय, हे त्यांनी कबूल केलं. तिसऱ्यानं दोन्ही कर काढतो सांगितलं.”

“आमदार होऊन केंद्राचा कर काढनार?” कुणीतरी हसलं.

“तेच मी विचारलं. तो बोलला, लढा देऊ. मी ‘लढा’ एवढंच लिवलंय.”

सभागृहात हशा पिकला. बकुळा हात हलवत म्हणाली, “म्हंजे बाईंचंच बरं. पंपावर सुटलं तर टाकी तरी भरेल. परतावा हातात येईस्तोवर मानूस…”

बोलता बोलता तिचं लक्ष पुढे गेलं. तिच्या पुढच्याच खुर्चीवर गुणवंती बसली होती.

गुणवंती दत्तूची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिच्या नवऱ्याच्या, गणपतच्या, बोटीत पाणी शिरलं. वायरलेसवर त्याचा आवाज आला तेव्हा सगळ्यांत जवळ दत्तूची बोट होती. दत्तूनं तटरक्षक दलाला कळवलं आणि इंजिन पूर्ण वेगात सोडलं. तो पोचला तेव्हा बोट दिसत नव्हती. पाण्यावर जाळ्याचे तरंगते बोये तेवढे पसरले होते. तो घिरट्या घालत राहिला. गणपतच्या नावानं हाका मारून त्याचा घसा बसला.

पूर्वी निघताना टाकी गच्च भरायची आणि वर दोन पिंपं राखीव असायची. त्या वर्षी डिझेल इतकं चढलं होतं की कोळीवाड्यातली प्रत्येक बोट जाण्यायेण्यापुरतंच भरून निघत होती. दुपारी तीन वाजता दत्तूनं टाकीत काठी घालून बघितली. परतीपुरतं उरलं होतं, थेंबभरही जास्त नाही. बोटीवर चार खलाशी होते. त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं होतं. दत्तूनं सुकाणू फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतचे दोन खलाशी रिकाम्या कॅनला धरून तरंगताना सापडले. पाच वाजेपर्यंत गणपत नाखवा आमच्याबरोबर होता, असं त्यांनी सांगितलं. गणपत सापडलाच नाही.

“वारं सुटलं, म्हनून फिरलो,” असं दत्तूनं बहिणीला सांगितलं होतं. तिनं मान हलवली होती. त्या वर्षीपासून भाऊबीजेला ती ओवाळायला आली नाही. बरं नाही, असा निरोप यायचा.

आता सभागृहात ती उभी राहिली.

“दादूस.”

दोन वर्षांत तिनं त्याला ही हाक मारली नव्हती.

“बोल, गुणे.”

“ह्या तिघांतल्या एकाचं तरी तेव्हा खरं झालं असतं, तर त्या दिवशी तू किती वाजेपर्यंत शोधला असतास?”

रघुवीर घाईनं उठले. “गुणवंती, हे हितं नको. घरी बसून बोला दोघं.”

“हितंच. हितं तो खरं वाचतो.”

दत्तूनं हातातले कागद टेबलावर ठेवले.

“टाकी भरलेली असती, तर अंधार पडेपर्यंत.”

“आनि वारं?”

“वारं नव्हतं,” तो म्हणाला. “पानी सपाट होतं.”

“ठाव हाय मला. तुझ्याच खलाशानं सांगितलं, पहिल्याच आठवड्यात. दोन वरीस मी वाट बघतेय, तू कवा सांगशील.”

“पोरं होती गं बोटीवर. चार.”

“त्यांना आनलंस, ते बरंच केलंस. त्यांच्या आया मला रोज बाजारात भेटतात. त्यावरून माझं तुझ्याशी भांडन नाय.” तिचा आवाज तोवर नीट होता. “पन तो आयकत असेल रे, तुझं इंजिन लांब जाताना.”

दत्तूनं टेबलाची कड धरली. रघुवीरनी पुढे होऊन माईक बंद केला. संस्थेनं कुणाला पाठिंबा द्यायचा हे त्या दिवशी ठरायचं होतं. ते कुणीच काढलं नाही. लोक चपला शोधत, एकमेकांकडे न बघता बाहेर पडले.

मतदानाच्या दिवशी सकाळी दत्तू दारात चहा पीत बसला होता. समोर गुणवंती येऊन उभी राहिली. केस नीट बांधलेले, हातात मतदार कार्ड.

“चल मताला,” ती म्हणाली.

तो अंगात सदरा घालून निघाला. पालिकेच्या शाळेपर्यंत दोघं शेजारी शेजारी चालले. कुणाला मत देणार, हे त्यानं विचारलं नाही, तिनंही नाही. वाटेत भेटलेल्या बकुळानं दोघांना एकत्र बघितलं आणि बाजूला होऊन रस्ता दिला.

वर्गात बाकांवर यंत्रं मांडली होती. बायकांची रांग पुढे सरकली. दारापाशी पुरुषांच्या रांगेत दत्तूच पहिला होता.

“गुणवंती गणपत वैती,” तरुण अधिकाऱ्यानं वाचलं आणि तिच्या नावाखाली रेघ ओढली. त्याचं पेन पुढच्या ओळीवर थांबलं. “गणपत वैती तुमचे मिस्टर ना? ते आले नाहीत?”

मृतदेह मिळाला नव्हता म्हणून दाखला नव्हता. दाखला नव्हता म्हणून गणपत यादीत होता, फोटोसकट.

“नाय,” गुणवंती म्हणाली. “समुद्रावर गेलेत.”

“सहापर्यंत चालू आहे मतदान. आले तर लगेच पाठवा.”

“बरं.”

तिनं शाईसाठी डावा हात पुढे केला.

“पुढचे कोण? या,” अधिकारी दाराकडे बघून म्हणाला. दत्तू आत यावा म्हणून त्याला दोनदा बोलवावं लागलं.