तळहातावरचं सोल्युशन

नर्सबाईंनी चिमटा उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "आज कोण घेतंय?"

"मी," धाकटी म्हणाली.

आजवर दर वेळी आईचं दुखणं ताईनेच घेतलं होतं. मागच्या खेपेला आईच्या मांडीवरची पट्टी निघाली आणि आई हसत घरी आली. ताई मात्र स्वतःची धडधाकट मांडी दाबत घरभर फेऱ्या मारत होती. झोप लागली तेव्हा कुठे ते उतरलं. धाकटीने ते सगळं पाहिलं होतं, आणि तिची पाचावर धारण बसली होती.

"पोटचीच ना गं? परवा एकांनी सूनबाईंना आणलं. तिला कसं जाणार? माझा वेळ फुकट."

"पोटचीच."

"मग अंगठी काढ. हात मोकळा हवा, मध्ये काही आलं की दुखणं जात नाही."

अंगठी निघाली. धाकटी चपला-बूट दुरुस्त करायची. तळहातावर वाळलेलं चिकटवायचं सोल्युशन ती रोज खरवडून मगच दुकान बंद करायची. आज विसरले, असं ती मनाला बजावत होती. विसरली कसली! निघताना सोल्युशनचा डबा पुन्हा उघडून तिनेच वर आणखी एक हात फिरवला होता.

आईने तिचा हात धरला. नर्सबाईंनी चिकटलेली पट्टी ओढली.

धाकटीला काहीच झालं नाही. आईची बोटं तेवढी ताठ झाली. आता ओरडणार, बिंग फुटणार, म्हणून धाकटी डोळे मिटून बसली. आई ओरडली नाही.

"बघा मावशी, कसं अलगद गेलं! मुलगी धीराची आहे हो, हूं की चूं नाही."

"आहेच," आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून अर्धी पट्टी बाकी होती. हात सोडवून ते सोल्युशन ओरबाडून काढायला वेळ होता. तिने काढलं नाही. लाज वाटत होती, पण भीती जास्त वाटत होती.

पट्टी बदलून झाली. आई कुणाचाही आधार न घेता जिना उतरली. शेवटच्या पायरीवर थांबून तिने हळूच म्हटलं, "जरा लंगड. ताई फाटकापाशी उभी आहे."

धाकटी लंगडली. ताई धावत आली, तिला कमरेत धरून म्हणाली, "फार दुखतंय का गं? टाक माझ्यावर भार."

आई दोघींच्या मागून ताठ मानेने एकटीच चालत राहिली.