गिरणीतलं सावकाश गाणं

"लोकांच्या तोंडात जीभच राह्यली न्हाई आता. ओठातल्या ओठात पुटपुटतेत, अन् वरून मलाच म्हणतेत, ध्यान कुठंय."

रामराव हे स्वतःशीच म्हणाला. निदान त्याची समजूत तशी होती. प्रत्यक्षात त्याची कुरकुर दारात दळणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईनं ऐकली, शेजारच्या पंक्चरवाल्या बद्रीनाथनं ऐकली, आणि रस्त्यापलीकडं बसची वाट बघणाऱ्यांनीही माना वळवल्या. त्याच्या अगदी खेटून पीठ चाळत बसलेल्या नंदाबाईच्या तर कानठळ्या बसल्या. तिनं मान वर केली नाही. नवऱ्याला आपण हळू बोलतोय असं वाटत असेल तर वाटू द्यावं, एवढं ती अलीकडं शिकली होती.

वडीगोद्रीत हायवेला लागून त्यांची पिठाची गिरणी होती. आधी ती डिझेल इंजिनावर चालायची. इंजिन होतं तोवर सगळं बरं होतं, कारण त्या धडधडीत कोणालाच काही ऐकू यायचं नाही आणि सगळेच ओरडून बोलायचे. मग विजेची मोटार बसवली. गिरणीत जरा शांतता आली, आणि त्या शांततेत रामराव उघडा पडला.

लोक सांगायचे एक, तो मान डोलवायचा भलत्याच गोष्टीला. एकादशीच्या आदल्या दिवशी द्वारकाबाई उपवासाची भगर घेऊन आली. आधी दगड झाडून पुसून घ्या मंग टाका, असं तिनं बजावून सांगितलं. रामराव "हो हो, बराबर" म्हणाला आणि बाजरीच्या पिठावरच तिची भगर दळून मोकळा झाला. द्वारकाबाईचा उपवास बाजरीनं मोडला. भांडायला मात्र ती आली नाही. गुपचूप दुसऱ्या गिरणीवर जायला लागली. नंदाबाईला वाटलं, चांगली तासभर भांडली असती तर परवडलं असतं.

गावात सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी म्हणत नव्हतं. घरात तर बिलकुल नाही. कारण साधं होतं. एकदा ते वाक्य बोललं, की पुढचं वाक्य आपोआप येणार: मग गिरणीत उभं कोण राहणार? आणि त्याला उत्तर एकच होतं. भुजंग. एकुलता एक मुलगा, औरंगाबादला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षात चाललेला. नंदाबाई स्वतः चौथीत शाळेतून निघाली होती. हा पोरगा कॉलेजातून पिठात येऊन उभा राहील, हे तिला सोसणार नव्हतं. म्हणून ती नवऱ्याच्या वतीनं ऐकायची, त्याच्या वतीनं हसायची, गिऱ्हाइकाला "जरा कामात हायेत" म्हणायची, आणि गोष्ट पुढं ढकलायची.

दोन हजार दोन साल होतं. भुजंग उन्हाळ्याच्या सुटीत आला तो टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेटी घेऊन. दुपारी भारनियमन सुरू झालं की गिरणी बंद पडायची. मग तो पोत्यांना टेकून टेप लावायचा.

पहिल्या दिवशी नंदाबाईनं ते गाणं ऐकलं आणि तिला पोराची दया आली. सेल उतरले होते बिचाऱ्याचे. बाजा असा ओढत, रखडत चालला होता, की आता थांबतो का मग थांबतो. भुजंग जेवायला उठला तेव्हा तिनं टेपच्या पाठीतले सगळे सेल काढून पत्र्यावर उन्हात मांडले. गावात मरतुकड्या सेलांना असंच ऊन देतात, आणि ते थोडे जगतातही. संध्याकाळी तिनं ते परत बसवले आणि कौतुकानं बटण दाबलं. गाणं तसंच रखडलं.

"माय, ते तसंच हाय," भुजंग हसून म्हणाला. "असंच वाजवतेत ते. मुद्दाम."

"मुद्दाम? जल्दी घरी जायचं न्हाई का त्यांना?"

ह्या इंग्रजी संगीताला डूम मेटल म्हणतात, त्यानं सांगितलं. अन् ह्या दुसऱ्या कॅसेटीतल्याला स्टोनर. स्टोनर म्हणजे गांजा ओढणारा, हे सांगायचं मात्र त्यानं टाळलं, आणि तिनंही विचारलं नाही.

गिटारीच्या तारा सैल करून, पार खालच्या आवाजात ते वाजवत. विहिरीच्या तळाशी म्हैस हंबरावी तसं. एक ठोका पडे, मग इतका वेळ जाई की बाईनं तव्यावरची भाकरी उलटून घ्यावी, तेव्हा दुसरा. गाणारा तर निम्मं गाणं संपल्यावर यायचा, आणि आला तरी लांबच्या शेतातून हाक मारल्यासारखा. कॅसेटीच्या एका बाजूला दोनच गाणी. मधूनच ऐकलं की भुजंग रागवायचा. पूर्ण अल्बम ऐकायचा म्हणे, पहिल्यापासून, नाहीतर ऐकूच नये.

काय गोडी लागते ह्यात, म्हणून तिनं एकदा खरंच विचारलं. तो सुपातली कणी बोटानं फिरवायला लागला. मग त्यानं सांगितलं ते असं. होस्टेलवर गेल्यावर पहिले काही महिने त्याला झोपच लागायची नाही. काय कमी आहे ते कळायचं नाही. मग शेजारच्या खोलीतल्या शिलाँगच्या पोरानं हे लावलं, आणि भुजंग तिथंच फरशीवर झोपला. लहानपणी तो इंजिनाशेजारी पोत्यांवर झोपायचा ना, ते धक्... धक्... छातीत वाजायचं, तेच हे. बाकीची गाणी आपल्याला हाताला धरून कुठंतरी ओढून नेतात, म्हणाला. मन दुखत असलं तरी नाच म्हणतात. हे गाणं कुठं नेत न्हाई. जड असतंय तेवढं जड राहू देतंय, अन् शेजारी बसतंय.

 दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं निवडायचे गहू गिरणीतच आणले. वाजेना का. जड असतं ते जड राहू देणारं घरात दुसरं होतं तरी कोण.

मग भुजंगनं बद्रीनाथकडून ट्रॅक्टरची बॅटरी आणि मोठा बूफर, खोक्यातला दणदणता स्पीकर, आणला, खोकं पोत्यांशेजारी ठेवून त्याला टेप जोडला. पहिला ठोका पडला आणि पत्र्यावरचं पीठ भुरभुरलं. रामराव बाहेर बाजेवर पडला होता. तो उठून आत आला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं इकडं तिकडं बघितलं, बूफरला पाठ टेकून बसला, एक तळहात खोक्यावर पालथा टाकला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्याच्या पायाचा अंगठा हलायला लागला. बरोबर ठोक्याला.

एवढा निवांत चेहरा नंदाबाईनं कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. अल्बमची एक बाजू संपली तेव्हा त्यानं डोळे न उघडताच हात हलवला. दुसरी लाव. इंजिनच लई बेस होतं आपलं, म्हणाला, अख्ख्या हायवेला ऐकू जाईल एवढ्यानं.

नंदाबाईच्या जिवावरचं ओझंच उतरलं. ऐकू येतं की. ठोका न ठोका येतो. उगाच आपण मनात काहीबाही धरून बसलो. लोकच तोंडात बोलतात, हा म्हणतो ते खरं. भुजंग तिच्याकडं बघत होता.

"माय, त्यांनी हात कुठं ठेवलाय बघ. ते कानानं..."

"माठातलं पाणी संपलंय, तेवढं आण जाऊन," ती म्हणाली. पाणी काही संपलं नव्हतं. भुजंगला ते माहीत होतं, आणि तरी तो घागर घेऊन गेला. त्यालाही बोलायचं नव्हतं. कॉलेज आठवड्यावर आलं होतं.

तो आठवडा रोज दुपारी तिघं ते ऐकत बसले. नंदाबाईनं एवढं सुख फार दिवसांत भोगलं नव्हतं आणि त्याच्यावर तिचा एवढा कमी विश्वासही कधी नव्हता. गाणं चालू असेपर्यंत कोणाला काही बोलावं लागत नव्हतं.

भुजंग निघायच्या दिवशी सकाळीच मोटारीचा पट्टा उतरला. पट्टा चढवायची त्या दोघांची मोटार बसवल्यापासूनची रीत होती. रामरावनं पुलीपाशी वाकायचं, नंदाबाईनं बटणापाशी उभं राहायचं. तिनं विचारायचं, सोडू का. त्यानं हात काढून म्हणायचं, सोड. मगच हिरवं बटण. पुढं बघायचीसुद्धा गरज नसायची, एवढं ते अंगवळणी पडलं होतं.

दळणाच्या डब्यांची गर्दी होती. कोणाचा तरी डबा वाटेत आला, म्हणून नंदाबाई त्या बाईला म्हणाली, भिंतीकडं सरकवा. रामरावनं मान वर करून बघितलं. बायकोचे ओठ हलताना दिसले, ती सोडू का विचारते असंच त्याला वाटलं.

"सोड," तो म्हणाला.

तिचं बोट बटणावर गेलं. तो शब्द आणि ते बोट यांच्यात तिचं डोकं कधी येतच नसे. बटण थोडं दबलंसुद्धा असेल. आणि तिला दिसलं की त्याची चार बोटं अजून पट्टा आणि पुलीच्या मधे आहेत; सवयीचा शब्द हाताच्या आधी निघाला होता.

तिनं हात मागं घेतला. मग फळीवर चढून फ्यूज उपसून काढला आणि पदराच्या गाठीत बांधला.  दारात भुजंग बॅग घेऊन उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. त्यानं बॅग खाली ठेवली.

"माय, मी जात न्हाई," तो म्हणाला.

हेच वाक्य कानावर येऊ नये म्हणून तिनं एवढे दिवस काढले होते. ते आलंच. मग आता राखायचं तरी काय.

"काय झालं? कशाला बंद केलं?" रामराव विचारत होता, एकदा तिच्याकडं, एकदा पोराकडं, एकदा डबेवाल्या बायांकडं बघत. बाया जमिनीकडं बघत होत्या.

नंदाबाई त्याच्यापाशी गेली. त्याची पिठानं पांढरी झालेली बोटं तिनं पट्ट्यातून काढून आपल्या हातात घेतली आणि हळूच, घरातलं घरात ठेवावं तसं, सांगून बघितलं. तो हसून मान डोलवत म्हणाला, "हो हो, बराबर."

दुसरी कुठलीही गोष्ट हळू सांगता आली असती. तिनं त्याचा चेहरा आपल्याकडं वळवला, श्वास भरून घेतला, आणि रस्त्यापलीकडच्या बसच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुम्हाला ऐकू येत न्हाई."