अकोल्याहून आलेला डावा हात

मित्रांनो, आज मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये. माझं खरं मानलं नाही म्हणून आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही. पण ज्यांनी कान दिला, ते जेवायचं विसरले, एवढं मात्र खरं.

मी एक जुना खटका आहे. दिव्याचा नव्हे, तारेचा. खाली सागवानाची फळी, वर पितळेची दांडी आणि दांडीच्या टोकाला काळी गुंडी. गुंडी टचकन दाबून सोडली की टिंब होतं, जरा दाबून धरली की रेघ. टिंबारेघांची अक्षरं, अक्षरांचे शब्द, आणि शब्द बसतात रेडिओच्या लहरींवर. मग त्यांना एसटीचं तिकीट लागत नाही. मला तोंड नाही. म्हणून आज दर्यापूरच्या या तुमच्या शाळेत, विज्ञान प्रदर्शनाच्या या टेबलावर, मी माझ्या मालकांचं तोंड उसनं घेतलं आहे. हे डोमाजी तायडे, अमरावतीचे. शब्द माझे, आवाज त्यांचा.

माझं पितळ अचलपूरच्या एका फुटक्या तोफेचं. काही लोक म्हणतात, तोफ नव्हती, तपेलं होतं. म्हणोत बापडे. डोमाजी तेव्हा तार ऑफिसात नोकरीला होते. दिवसभर सरकारी खटका बडवून पोट भरायचं, पण मन भरायचं नाही. म्हणून हौशी रेडिओचा परवाना काढला आणि अचलपूरच्या एका तांबटाकडून मला घडवून घेतलं. तीनदा दांडी परत केली. चौथ्यांदा तांबट म्हणाला, "बाबूजी, यापेक्षा लगीन लवकर जुळते." पण मग जो मी झालो, तो झालो! बोट नुसतं जवळ आणलं तरी मी वाजायचो.

अकोल्याला खुशालराव राहायचे. काळ्या जमिनीचे शेतकरी, पण हात मिस्त्रीचा. त्यांनी रेडिओ स्वतः जोडला होता. रोज सकाळी सहा वाजता इकडून डोमाजी, तिकडून खुशालराव. चाळीस वर्षं. लग्नं, बारशी, पऱ्हाटीवरची कीड, सुनांचे स्वभाव, सगळं माझ्या दांडीवरून गेलं. शेवटी इकडून 'जय भीम' जायचं, तिकडून 'राम राम' यायचं, आणि मगच दोन्ही घरांत चहा उकळायचा.

अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. एका वर्षी तो इतका तापला, की अमरावतीहून पाठवलेलं टिंब अकोल्यात पोचेपर्यंत वितळून रेघ व्हायचं. खुशालरावांना एक शब्द लागेना. शेवटी आम्ही टिंबं रात्रभर माठात ठेवून सकाळी पाठवू लागलो. हसू नका. एकदा तर खुशालरावांनी रेडिओ शेतावर नेला आणि माझा ठेका ऐकून त्यांचे बैल त्यावर पावलं टाकू लागले. नांगराचे तास असे सरळ निघाले की तलाठी फूटपट्टी घेऊन पाहायला आला.

आणखी एक गोष्ट, आणि ही मात्र कुठल्याही तारबाबूला विचारा. खटक्यावर प्रत्येक माणसाचा हात वेगळा असतो. जसं अक्षर, जशी चाल, तसा हात. खुशालरावांच्या हाताला भरल्या बैलगाडीचा हेलकावा होता. हजार जणांत डोमाजी तो ओळखायचे.

मग घरात लॅपटॉप आला. डोमाजींची नात दीपमाला बडनेऱ्याला इंजिनिअरिंग शिकते. परवाना तिनंही काढला, पण तिनं रेडिओला लॅपटॉप जोडला. त्याच्या पडद्यावर वरून खाली निळं पाणी वाहायचं आणि रेडिओत जे काही येईल, ते त्या पाण्यात पिवळं उमटायचं. खटका नाही, टिकटिक नाही. यंत्र यंत्राशी बोलणार, आणि पंधरा सेकंदांत जपान, पुढच्या पंधरात इटली.

"बोलली काय तू त्याच्याशी?" डोमाजींनी विचारलं.

"सिग्नल किती आला ते सांगितलं, आबाजी. त्यानंही सांगितलं. झालं."

"अन् त्याचं नाव? गावात पाणी पडलं का नाही?"

"ते नसते विचारत त्यात."

"म्हंजे लग्नात गेली, अहेर देल्ला अन् न जेवता वापस आली! याले बोलणं म्हनते का कोनी?"

"तुमचे वर्षाचे जेवढे देश होतात नं, तेवढे मी चहा थंड व्हायच्या आत करते."

पितळेला राग येतो तेव्हा ते हिरवं पडतं. मी पडलो. सकाळचे सहा सोडले, तर दिवसभर माझ्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं असायचं.

गेल्या पोळ्याच्या आधी एका सकाळी अकोला बोललंच नाही. दुपारी खुशालरावांच्या मुलाचा, गोपालचा फोन आला. "काकाजी, बाबाले लकवा मारला. उजवा हात गेला. वाचाबी गेली."

डोमाजी दीपमालाला घेऊन पहिल्या गाडीनं अकोल्याला गेले. खुशालरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दीपमालानं तिथं लॅपटॉप मांडला. इथं अक्षर दाबलं की अमरावतीला उमटेल, अशी सोय करून दिली. खुशालरावांचं डावं बोट एका अक्षराऐवजी तीन अक्षरांवर पडायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप सरकवून दिला. पार्वताबाई, त्यांची बायको, दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, हे आता जेवाले बी तोंड उघडत नाही."

परतताना डोमाजी नातीला एवढंच म्हणाले, "दीपा, चाळीस वर्षं बोलनारा मानूस भिंतीकडे तोंड करून निजला, का मंग तो उठत नसते."

पण निघण्याआधी त्यांनी एक काम केलं होतं. खुशालरावांचा स्वतःचा खटका रेडिओसकट उशीच्या डाव्या अंगाला ठेवला होता.

त्यानंतर रोज सहा वाजता मी हाक मारायचो. अकोला, अकोला. उत्तर नाही. तेवीस दिवस माझी दांडी वाजली आणि तेवीस दिवस घरात चहा उशिरा झाला.

चोविसाव्या दिवशी, मित्रांनो, आता नीट ऐका! वादळानं खुशालरावांच्या अंगणातली एरियलची तार खाली आली होती, निंबाला नुसती लोंबत होती. त्यामुळे तिकडून आलेली टिकटिक इतकी बारीक, जशी मुंगी कापसावर चालावी. मांजरालासुद्धा ऐकू गेली नसती. शेजारी लॅपटॉप आंधळ्यासारखा बसून होता. पण डोमाजींचे कान! कसलेल्या तारबाबूचे कान! त्यांनी ती टिकटिक झटक्यात पकडली.

पकडली आणि भडकले. "हा खुशालचा हात नोहे! कोन चोर बसला बे त्याच्या रेडिओवर?" हेलकावा नव्हता. टिंबं वाकडी, रेघा तुटक्या. डोमाजी माझी गुंडी दाबून त्या चोराला हाकलणारच होते, तेवढ्यात अक्षरं जुळत गेली आणि शब्द उभे राहिले:

'काहून बे डोम्या. मेलो समजला का.'

जगात डोमाजींना डोम्या म्हणणारा एकच माणूस आहे. हात नवा होता, कारण डावा होता. डोमाजींनी मला असं दाबलं की माझा स्क्रू ढिला झाला. त्या दिवशी दोघं दोन तास बोलले. पार्वताबाईंनी तिकडे भाकर कुस्करून दिली, ती खुशालरावांनी टिंबारेघांच्या मधल्या जागेत खाल्ली. आज सात महिने झाले, एक सकाळ चुकलेली नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्याला टाकू नका. महिन्यातून एकदा चिंच लावून घासा, तेलाचा थेंब द्या. यंत्रं येतील आणि जातील, पण माणसानं पडद्याच्या नादी न लागता आपल्या कानांवर...

टक्. टक् टक्.

हे मी वाजलो. पण माझ्यावर डोमाजींचं बोट नव्हतं. तुम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत असताना गोपालनं एक चाकाची खुर्ची टेबलापर्यंत आणली होती. खुर्चीतल्या माणसाचा डावा हात माझ्या गुंडीवर होता. दीपमाला अक्षर अक्षर जोडून मोठ्यानं वाचू लागली.

"झूट."

"काय झूट?" डोमाजी म्हणाले. "काय झूट बे, खुशाल?"

"डोम्याले... दोन वर्सापासून... टिकटिक आयकूच येत नाही."

सगळी पोरं डोमाजींकडे वळली. दीपमालानं खाली मान घातली, पण हसू काही तिला आवरेना. "खरं आहे, आबाजी. त्या सकाळी आवाज कुठं आला होता? पडद्यावर पिवळे ठिपके उमटले. ते तुम्ही डोळ्यांनी वाचले. मी बाजूलेच होती."

डोमाजींनी उघडलेलं तोंड मिटलं. म्हणजे माझंही मिटलं. डावा हात मात्र थांबला नाही. सावकाश, वाकडा, पण एकही अक्षर न चुकता चालत राहिला, आणि दीपमाला वाचत राहिली:

"म्हनून मी सारं... तीन-तीनदा पाठवतो. हात दुखून राहिला माह्या. उद्यापासून एकदाच पाठवीन. पडदा पाहत जाय."