तेरावी चौकट

यावर कोणाचा बापसुद्धा विश्वास ठेवणार नाही, पण रस्ते नियोजनाच्या कचेरीत फळ्यावरची चौकट पुसली, की खुर्चीतला माणूसच नाहीसा व्हायचा.

चौकटी काढायची रेघाबाई. रस्त्याचा प्रस्ताव कुठल्या टेबलावरून कुठे जातो, कुठे अडतो, हे फळ्यावर टेबलागणिक एक चौकट काढून बाणांनी दाखवायचं आणि फुकटची टेबलं काढून टाकायची, हे तिचं काम. एक वळण दुरुस्त करायला सतरा टेबलं लागत. तोवर वळणच कंटाळून सरळ व्हायचं! साहेबांनी फर्मान काढलं: बारा करा.

सोमवारी तिने आवक नोंदीची दुसरी चौकट पुसली; एकच नोंद दोनदा होत होती. मंगळवारी पाहते तर टेबल नाही, आणि त्यावर डोकं टेकून घोरणारा कारकूनही नाही.

"ते कुठे गेले?" तिने शिपायाला विचारलं.

"कोण ते? तिथे कधी कोणी बसलंय का? बाई, चष्मा बदला!"

तिने घाईघाईने चौकट परत काढली. टेबल आलं. माणूस आला नाही.

तिने चौकट पुन्हा पुसून डस्टर ठेवून दिलं, तर साहेबांनीच ते उचलून आणखी तीन चौकटी उडवल्या. त्या कोणाच्या होत्या, हे तिला काही केल्या आठवेना. तेव्हा तिला कळलं: पुसलेला माणूस आठवतो तो फक्त पुसणाऱ्याला.

उरल्या तेरा. त्यात एक तिची स्वतःची आणि एक चौकात गाड्या मोजणाऱ्याची. तो तिचा सख्खा भाऊ.

"हा मोजणारा कशाला हवा?" साहेब म्हणाले.

"साहेब, मोजल्याशिवाय कुठला रस्ता रुंद करायचा ते कळणार कसं?"

"आकडा वरून येतो. संध्याकाळपर्यंत तुम्ही पुसा, नाहीतर मी पुसतो."

ती धावत चौकात गेली. दादा स्टुलावर बसून कागदावर रेघोट्या ओढत होता.

"दादा, ऊठ. ही नोकरी सोड, आत्ताच्या आत्ता!"

"अगं बये, बाजूला हो, तुझ्यामुळे दोन ट्रक सुटले माझे!" त्याने मानही वर केली नाही.

ती परत कचेरीत येऊन फळ्यासमोर उभी राहिली. आपण पुसला, तर जन्मभर आठवणार. साहेबांनी पुसला, तर आपल्याला भाऊ होता हेही आठवणार नाही. रडायचीसुद्धा सोय नाही. साहेबांच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला. तिने डस्टर उचललं आणि आपल्याच चौकटीवर टेकवलं. पहिली रेघ गेली, तशी तिची बोटं गेली. मग कोपर. मग डस्टर नुसतंच हवेत फिरत राहिलं. फळ्यावर बरोबर बारा चौकटी उरल्या, आणि रेघाबाई नावाचं कोणी होतं हे दादापासून साहेबांपर्यंत जगात एकालाही—

"ओ आजोबा, लोणकढी थाप!" नात ओरडली. "एकालाही आठवत नाही, तर तुम्हाला कोणी सांगितलं?"