ऑक्टोबरात उघडायची कबर

ओनेझिम थेरियो यांचे पालकत्व राज्याच्या कार्यालयाकडे सोपवण्याची सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. त्यांना विस्मरणाचा आजार जडला होता. चूल पेटती ठेवून ते दोनदा बर्फात निघून गेले होते. सख्खे म्हणून उरलेला धाकटा भाऊ रोझेर दूर कनेक्टिकटला राहत होता, आणि हे आपल्याच्याने होणार नाही, असे त्याने न्यायालयाला पत्राने कळवले होते. ज्याचे कोणी पुढे येत नाही, त्याच्यासाठी राज्य पुढे येते. कार्यालयाच्या वतीने ते काम माझ्याकडे आले. त्यांनी कुठे राहायचे, कोणते औषध घ्यायचे, त्यांच्या घराचे आणि सामानाचे काय करायचे, हे त्या दिवसापासून मी ठरवणार होते.

"पहिली बायको मी निवडली होती," न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले, "तुला न्यायाधीशाने निवडलं. बघू, कशी नांदतेस."

ते चौतीस वर्षे आमच्या चर्चच्या दफनभूमीत कबरी खणत होते. नदीकाठच्या आमच्या खोऱ्यात डिसेंबरपासून जमीन गोठते. हिवाळ्यात गेलेली माणसे शवपेटीसकट चर्चमागच्या दगडी कोठडीत ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. पूर्वी मात्र, ज्या घरातले एखादे माणूस हिवाळा काढील असे वाटत नसे, त्या घरचे लोक ऑक्टोबरातच कबर उघडून घेत आणि वर फळ्या टाकून ठेवत. त्यात कोणाला काही अशुभ वाटत नसे. मी ही प्रथा ऐकून होते, पाहिली नव्हती.

मी त्यांना शुश्रूषागृहात ठेवले. तिथल्या पहिल्या ऑक्टोबरात त्यांनी माझ्याकडे एवढे एकच मागितले. पत्नीच्या, डेलिमाच्या, शेजारची जागा त्यांचीच होती. जमीन मऊ आहे तोवर ती जागा उघडून ठेवायची. कोठडीची किल्ली इतकी वर्षे त्यांच्याकडे होती. आत काय असते ते आपल्याला ठाऊक आहे, तिथे आपल्याला ठेवू नये, असे ते शांतपणे सांगत होते. मी ते डॉक्टरांच्या कानावर घातले. डॉक्टरांना त्यात खिन्नता दिसली. त्यांनी एक गोळी वाढवली आणि पालक म्हणून मी संमतीची सही केली.

दुसऱ्या ऑक्टोबरात त्यांनी तो विषय पुन्हा काढला.

"गोळी तुझ्या सहीने वाढली म्हणे. खड्ड्याला तीच सही चालते."

"काका, तुम्ही ठणठणीत आहात. पुढच्या वर्षी बघू."

"मी कुठे मरतो म्हणतोय, पोरी? मरण यायचं तेव्हा येईल. जमीन मात्र वेळेवर गोठते."

मी हसून वेळ मारून नेली. वास्तविक, ते हयात असताना त्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था करून ठेवण्याचा अधिकार मला होता. त्यासाठीचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. तो भरणे म्हणजे त्यांच्या मृत्यूचे साल आपण ठरवणे, असे मला वाटत राहिले. त्या भावनेला मी माया समजत होते.

तिसऱ्या ऑक्टोबरात त्यांनी विचारलेच नाही. तोवर ते माझे नाव विसरले होते, आणि ती कबरही. मला हायसे वाटले, हे इथे सांगितलेच पाहिजे.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, न्यूमोनियाने ते गेले. मी लगेच कार्यालयाच्या वकिलांना फोन केला. शेवटच्या श्वासाबरोबर आपले पालकत्व संपले, आता निर्णय जवळच्या नातेवाइकाचा, आपण मध्ये पडू नये, असे त्यांनी सांगितले. मी पडले नाही. बुधवार तसाच गेला. गुरुवारी मात्र राहवेना, म्हणून केवळ ओळखीची बाई म्हणून मी रोझेरना फोन लावला.

ते एक्याऐंशी वर्षांचे होते आणि दर वाक्यामागे श्वासासाठी थांबत होते. आदल्याच दिवशी अंत्यविधीवाल्यांचा कागद आला होता. मेपर्यंत आपण जगू की नाही याची खात्री नसल्याने त्यांनी दहनाला होकार देऊन टाकला होता. त्या दिवशी सकाळी ते उरकलेही होते.

"तो काही बोलला होता का?" त्यांनी विचारले.

मी सगळे सांगितले: डेलिमाशेजारची जागा, दोन्ही वर्षी ऑक्टोबरात केलेली मागणी, गोळी, खणातला अर्ज.

"मी नाही म्हणालो ना तेव्हा," ते म्हणाले, "मला वाटलं, सरकारी माणसांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. वाटलं, त्याचं बरं होईल."

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रोझेरनी रक्षा टपालाने पाठवली. ती डेलिमाशेजारी पुरण्याची परवानगी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. हल्ली तिथे कबरी खणणारा कामिय सकाळीच आला होता. सहा फुटांच्या जागेत त्याने पावाच्या डब्याएवढा चौकोन आखला आणि किती खोल घेऊ म्हणून विचारले. मला माहीत नव्हते.

"तुम्ही त्यांच्या पालक ना?"

"होते," मी म्हटले.

तो खणू लागला. वरची माती ओली आणि काळी होती, सहज निघत होती. हातभर खोल गेल्यावर पहार खणकन वाजली. त्याने वाकून आत हात घातला, तळ चाचपला आणि हात बाहेर काढून पँटला पुसला.

"खाली अजून गोठलेलंच आहे," तो म्हणाला. "पण यांना एवढं पुरेल."