हौदातल्या गोळ्या

लॅबचा रिपोर्ट वाचून माझं डोकंच फिरलं.

फुलचूरच्या नाल्याचं सांडपाणी आम्ही एका हौदात घेतो आणि धानाच्या तुसाच्या कोळशातून गाळतो. माणसं औषधं खातात, त्यातलं बरंचसं शेवटी नाल्यात येतं. ते कोळशाने धरून ठेवावं आणि पाणी शेताला मिळावं, एवढंच माझं चार वर्षांचं संशोधन. गाळलेल्या पाण्यात औषध सापडलं नव्हतं. खरं तर नाचायलाच हवं होतं. पण हौदातल्या, न गाळलेल्या पाण्यात अंगदुखीचं औषध नेहमीच्या तीनशे पट! लॅबवाल्यांनी शेरा मारला होता: नमुना खराब, पुन्हा पाठवा.

पुन्हा म्हणजे आणखी बारा-पंधरा दिवस. तोवर उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, उरकलेला असणार. आणि हे पाणी घेण्याचा विचार करणारा शेतकरी एकच, खेमराजकाका. बाकीच्यांनी नाल्याचं नाव काढताच नाकं मुरडली होती. काकाही "पयले पायतो, मंग सांगतो" एवढ्यावरच होते.

तणतणतच मी त्यांच्या धानाच्या बांधीवर गेले. काका शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले होते, शकुंतलाकाकू चहा ओतत होत्या.

"काका, कुणीतरी घोळ घातला. औषध तीनशे पट निघालं."

"साफ पान्यात?" काकांचा चेहरा पडला.

"नाही, हौदातल्या. साफ पाण्यात काहीच नाही."

काका खदखदून हसले. "मंग बरोबर हाये. मीच टाकलो ना माया गुडघ्याच्या गोळ्या. दोन पट्ट्या, खलबत्त्यात कुटून. तू नमुना घ्याच्या घंटाभर पयले."

"काऊन?" का म्हणून विचारताना रागाच्या भरात माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"बैल घेतो तं रिकाम्या बंडीले जुंपून पायतो का? भरल्या बंडीले जुंपतो. तुयी मशीन बी तशीच पायलो."

"मग सांगायचं तरी!"

"सांगतलो असतो तं तू कोळसा जास्त टाकली असती."

मी कपाळावर हात मारला, आणि मग मलाही हसू आवरेना. चार वर्षांत कितीतरी सेमिनारांत साहेब लोकांनी माना डोलावल्या, पण माझं काम इतकं मनापासून कुणी तपासलं नव्हतं. मला भलता आनंद झाला.

"हासून काय राहिली?" काकू कडाडल्या. "दवाखान्यातून महिन्याच्याच गोळ्या भेटते. त्या सप्पाच्या सप्पा बुडवून आला हा मानूस. बारा दिवस झाले, कन्हून राहिला. विचारलं तं म्हंते, थंडी हाये."

माझं हसू थांबलं. "काका, अहो..."

"गुडघे माये हायेत, दुखू दे," काका म्हणाले. "पानी साफ निघालं ना?"

"एकदम साफ," मी म्हणाले. काका धुऱ्याला हात टेकून उठले, लंगडत कोळशाच्या गाळणीकडून आलेल्या पाईपापर्यंत गेले आणि स्वतःच्या हाताने तोटी उघडली. माझं पाणी बांधीत शिरलं.

"पऱ्हे रोवाले तयार हायेत," ते काकूंना म्हणाले. "सोमवारी रोवणा. बायांले सांगून ये."